रक्ततपासणी नॉर्मल असूनही सोरायसिसचा संधिवात असू शकतो का?

प्रश्न (गिरगाव)

माझ्या धाकट्या भावाला कोपरांवर आणि डोक्यात बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. हल्ली सकाळी उठल्यावर त्याची बोटे तासभर आखडलेली असतात, टाच दुखते आणि उजव्या पायाचे एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले आहे. आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आल्यामुळे, लोकलमध्ये उभ्याने प्रवास केल्याने टाच दुखत असेल, असे फॅमिली डॉक्टरांचे म्हणणे पडले. सोरायसिसचा संधिवात वेळीच ओळखणारी एखादी खात्रीची तपासणी मुंबईत होते का?

उत्तर १ (परळ, संधिवाततज्ज्ञ)

ताई, निदान पक्के करणारी अशी एकच रक्ततपासणी अजून जगात कुठेही नाही. या आजारात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच येतो आणि सीआरपी कित्येक रुग्णांत नॉर्मल असतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये. संपूर्ण बोट सुजणे आणि स्नायुबंध जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे, म्हणजे टाचेसारख्या जागी, दुखणे ही या आजाराची नेहमीची लक्षणे आहेत. भावाची नखे उजेडात नीट पाहा. त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून दाखवा. हा संधिवात ठरवण्यासाठीचे २००६ सालचे ‘कास्पर’ निकष याच खुणांवर आधारलेले आहेत. हाडाची झीज एक्स-रेमध्ये उशिरा दिसते, तर सोनोग्राफी आणि एमआरआय यांत सूज त्याआधीच दिसू शकते. सहा महिन्यांचा उशीरही सांध्यांना कायमची इजा करू शकतो, म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

उत्तर २ (माटुंगा, जैववैद्यकीय संशोधन)

सोरायसिस असलेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंत लोकांना हा संधिवात होतो, आणि बहुतेकांत त्वचेचा आजार सांध्यांच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असतो. संशोधकांच्या दृष्टीने ही मधली वर्षेच मोलाची आहेत. केवळ त्वचेचा आजार असलेल्यांचे रक्त जपून ठेवायचे, त्यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे आणि पुढे ज्यांचे सांधे दुखू लागले त्यांच्या जुन्या नमुन्यांत काय वेगळे होते ते शोधायचे, असे हे चिकाटीचे काम आहे. टोरांटोतील अभ्यासात अशा रुग्णांच्या रक्तात सीएक्ससीएल१० हे प्रथिन आधीपासूनच वाढलेले आढळले. युरोपात ‘हिपोक्रेटीस’ या संशोधन प्रकल्पाने २०२१ मध्ये याच दिशेने काम सुरू केले. एकच प्रथिन पुरेसे ठरेल असे मला वाटत नाही. अनेक प्रथिने, जनुके आणि सोनोग्राफी यांचा मेळ घालावा लागेल. शिवाय आनुवंशिक घटक लोकसमूहानुसार बदलतात, त्यामुळे तिकडे तयार झालेली चाचणी आपल्या रुग्णांवर पडताळून पाहिल्याशिवाय इथे वापरणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर ३ (डोंबिवली, रुग्ण)

ताई, बोट सुजलेले असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते. त्वचेच्या डॉक्टरांनाही सांधेदुखीविषयी स्वतःहून सांगा. त्यांच्याकडे ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली असते. तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली, तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावे असा संकेत आहे.