‘एल-रोई’चा नेमका अर्थ काय? मदत हवी आहे

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. रविवारी महिला मंडळात हागारेवर बोलायचं आहे आणि बायबलमधल्या उत्पत्ती १६:१३ या वचनावर अडले आहे. रानात झऱ्यापाशी बसलेली, पोटुशी, पळून आलेली मिसरी (इजिप्तची) दासी, आणि तीच देवाला नाव देते: एल-रोई! ‘एल’ म्हणजे देव, हे कळलं. पण ‘रोई’ म्हणजे ‘मला पाहणारा’ की ‘दर्शन’, म्हणजे दर्शन देणारा देव? पुढच्याच वचनात विहिरीच्या नावातही ‘रोई’ आहे. दोन्हींचे हिब्रू स्वर सारखेच आहेत का?

मला ‘मला पाहणारा’ हाच अर्थ भिडतो. तिची मालकीण साराय या अध्यायात तिला ‘दासी’च म्हणते, ‘हागारे’ अशी हाक पहिल्यांदा देवदूत मारतो. पण मनाला भिडलं म्हणून बायांना चुकीचं सांगायचं नाही. हिब्रू शिकलेल्या कुणी शनिवारपर्यंत समजावून सांगाल का?