लिंबू, ईडलिंबू आणि एक अनोळखी फळ: 'आंबट' सोडून दुसरा शब्द आहे का आपल्याकडे?

परसबागी:
मंडळी, प्रश्न शब्दांचा आहे पण सुरुवात झाडांपासून करावी लागेल. आमच्या साताऱ्याच्या घरामागे तीन झाडं आहेत. एक कागदी लिंबू, सासूबाईंनी बी टाकून लावलेलं, आता भिंतीबाहेर गेलंय. दुसरं ईडलिंबू, ते आम्ही घर घेतलं तेव्हापासूनच आहे. तिसरं मात्र सहा वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून मोसंबीचं कलम म्हणून आणलेलं, यंदा पहिल्यांदा भरभरून धरलं आणि ते मोसंबी नाहीये. साल केशरी, सोलायला ढिली, नखाने खरवडली तर वास थेट संत्र्याचा, आणि फोड तोंडात टाकली की एक डोळा आपोआप मिटतो.

तर काल तिन्ही फळं कापून ताटात मांडली, मीठ नाही साखर नाही, नि घरात सगळ्यांना चाखायला दिली. मुलगा म्हणाला आंबट, नवरा म्हणाला जास्त आंबट, सासूबाई म्हणाल्या आंबटढाण. संपलं. अहो पण तिन्हीला तीन वेगळी तोंडं केली ना तुम्ही! कागदी कसं जिभेच्या कडांना चुणचुणतं आणि लगेच मोकळं करतं, ईडलिंबाला आधी काहीच चव नाही वाटत मग सावकाश आंबट चढतं आणि शेवटी घशाशी कडसर राहतं, आणि ते तिसरं गोडाची आशा लावून दात आंबवतं. यासाठी आपल्या आज्या काही तरी म्हणत असणारच की. कुणाकडे शब्द असतील तर टाका. आणि त्या तिसऱ्याला काय म्हणू तेही सांगा, शेजारच्या काकू गावठी संत्रं म्हणतात, समोरचे म्हणतात हेच खरं ईडलिंबू, आमच्या झाडाला नावं ठेवून.

शब्दखोर:
छान धागा. आंबट हा शब्द संस्कृत अम्लापासून आलाय, तेव्हा तो तसा आंब्याचा, चिंचेचा, ताकाचा सगळ्यांचाच, लिंबाचा असा खास नाही. पण त्याची पिल्लं मोजा ना, आंबूस म्हणजे बिघडायला लागलेलं किंवा नुकतं आंबलेलं, वासासाठीसुद्धा चालतं. आंबटसर म्हणजे कौतुकाचं थोडं. आंबटचिंबट म्हणजे शाळेबाहेरच्या गाडीवरचं सगळं, बोरं, चिंचा, कैरी. आंबटढाण म्हणजे सहन होत नाही असं. लिंबाला कुणी आंबूस म्हणालं तर ते खराब झालंय एवढंच कळेल. म्हणजे आपल्याकडे आंबटाच्या पायऱ्या आहेत पण तुम्ही विचारताय त्या जाती, कुठे लागतं आणि किती वेळ राहतं अशा, त्या कमी आहेत हे खरं. 'चुणचुणतं' तुम्ही वापरलात तोच चांगला शब्द आहे, हातावर चिरा असताना लिंबू पिळलं की जे होतं तेच जिभेवर.

दर्यावर्दी:
आमच्याकडे आजी लिंबाचे दोनच भाग करायची, 'वासाचं' आणि 'रसाचं'. कागदी दोन्हीचं. ईडलिंबू लोणच्याचं, त्याला ती रसाचं पण म्हणायची नाही, 'सालीचं' म्हणायची. आणि महाळुंग असेल तर ते 'गराचं', म्हणजे आतली पांढरी जाड गादी खायची, रस नावालाच, फोडी पाकात टाकायच्या. चवीचा शब्द नाही सापडला म्हणून कामाचा शब्द लावला असं काहीतरी असणार. तापातून उठलेल्या माणसाच्या जिभेवर ईडलिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवायची, 'तोंड उघडतं' म्हणायची.

ता.क. महाळुंग हे संस्कृत मातुलुंगावरून. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते हेच फळ, आमच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांना नारळ वाटायचा.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, आधी तिसऱ्या झाडाचं बोलू, चवीचं नंतर पाहू. आतला गर कोणत्या रंगाचा आहे? पिवळट का केशरी? आणि खोडाकडे पाहा, जमिनीपासून वीतभरावर गाठ दिसते का, आणि सध्या फळं लागलेली फांदी त्या गाठीच्या वरून निघाली का खालून?

परसबागी:
गर केशरी. गाठ आहे, पण गाठीच्या वरचं एक वाळलेलं बोटभर खुटुक आहे फक्त. सगळं झाड खालून आलंय. आणि काटे आहेत भरपूर.

वऱ्हाडी_ठेचा:
मग झालं. तुमची मोसंबी मेली आणि खुंट मोठा झाला. आमच्याकडे हे दर दुसऱ्या घराच्या अंगणात आहे. संत्रा मोसंबी बियांपासून लावत नाहीत, खालचं मूळ दुसऱ्या झाडाचं घेतात, त्याला खुंट म्हणतात, आणि त्यावर मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात. खुंट दोन चालतात जास्त करून, जंबेरी आणि रंगपूर. खालून फुटवे येतात ते वेळच्या वेळी काढावे लागतात, नाही काढले तर खुंटच सगळं खाऊन घेते आणि वरचा डोळा वाळते. नर्सरीवाल्याने फसवलं असं नाही म्हणता येत, कलम खरंच असेल, फुटवे काढायचं सांगितलं नसेल त्यानं.

आता कोणता खुंट ते. जंबेरीचं फळ पिवळं, खरबरीत, फोड आलेल्या कातडीसारखं, गर फिक्का. तुमचा गर केशरी, साल ढिली, वास संत्र्याचा, म्हणजे रंगपूर. बांगलादेशात रंगपूर आहे ना त्यावरून नाव. दिसायला संत्रं, आत लिंबू. आमच्याकडे माय निंबूच म्हणते त्याले, फार तर 'संत्र्यासारखं निंबू'. वरणावर पिळून पाहा, वाईट नाही लागत.

कागदी निंबाचं मात्र उलटं, ते लोक बियांपासूनच लावतात, तुमच्या सासूबाईंनी लावलं तसंच, आणि झाड आईसारखंच निघतं बहुतेक वेळा. तुम्हाला रसाला मोठं पाहिजे असेल तर राहुरीच्या विद्यापीठाचं साई शरबती पाहा, परभणीचे प्रमालिनी आणि विक्रम आहेत, हे सगळे कागदीचेच निवडलेले प्रकार आहेत. चवीत मला तरी फार फरक नाही वाटला, मोठ्याला रस जास्त पण वास थोडा कमी वाटते, हा माझा अंदाज आहे, भांडू नका.

बे_एरियातली:
मी भांडणार नाही पण दुसरं भांडण आणते. इथे कॅलिफोर्नियात आमच्या मागच्या अंगणात मेयर लेमनचं झाड आहे, घराबरोबर आलं. फळ पिवळंधम्मक, साल पातळ, गुळगुळीत, आणि आंबटपणा अर्धा. आई आली होती तेव्हा मी कौतुकाने वरणभातावर पिळलं तर पहिल्या घासाला म्हणाली, वरणात संत्रं पिळलंस का गं? नंतर वाचलं तर बरोबर होतं तिचं, मेयर हा संकरच आहे, संत्र्याच्या कुळातलं रक्त आहे त्यात, 1908 च्या सुमारास फ्रँक मेयर नावाच्या माणसाने चीनमधून अमेरिकेत आणलं म्हणून ते नाव. जिभेला कळलं ते आधी, मला गूगल करून.

तर माझा प्रश्न असा की लेमनला लिंबू म्हणायचं का? आपण शाळेत 'ल फॉर' करत लेमन म्हणजे लिंबू शिकलो पण आपलं लिंबू म्हणजे इथलं लाइम. इथे दुकानात जे हिरवं मोठं बिनबियांचं मिळतं त्याला रस बराच पण आपल्या कागदीचा तो नाकात जाणारा वास नाही. कागदीसारखं हवं असेल तर की लाइम नावाची छोटी पिशवी घ्यायची, ती आठवड्यात वाळून खडा होते. आणि आपलं कागदी झाडावर पिकलं की पिवळं होतं हे इथल्या शेजारणीला पटत नाही, तिच्या मते हिरवं ते लाइम आणि पिवळं ते लेमन, विषय संपला.

शब्दखोर:
लिंबू म्हणा हो बिनधास्त. लेमन आणि लाइम हे दोन्ही शब्द अरबी फारसीतल्या लिमून, लीमा यांच्याकडून युरोपात गेले. आपण एकच शब्द ठेवला आणि पुढे विशेषण लावलं, कागदी, ईड, साखर. कागदी हे सालीवरून, कागदासारखी पातळ. साखरलिंबू नाव ऐकून लोक फसतात, त्याला साखर जास्त नसते, आंबटच गायब असतं, त्यामुळे गोडसर आणि पाणचट लागतं. मला तर ते मिळमिळीत वाटतं. आंबट नसलेलं लिंबू म्हणजे तिखट नसलेली मिरची.

आता जरा व्याकरणाची गंमत, परसबागी ताईंसाठी खास. कडुलिंबातला 'लिंब' आणि आपलं 'लिंबू' हे दोन वेगळे शब्द. संस्कृतात निंब आणि निंबूक. मराठीत न चा ल झाला, विदर्भात न टिकला, म्हणून तिकडे निंबू आणि कडुनिंब. उलटंही झालंय आपल्याकडे, लांगलाचा नांगर झाला. पण प्रत्यय लावला की दोघांचं 'लिंबाचं'च होतं! लिंबाचं झाड, लिंबाची पानं, लिंबाच्या सावलीत. कोणतं, ते संदर्भाने समजून घ्यायचं. आणि लिंबलोण उतरणे म्हणतात त्यात लिंबू नाही बरं, कडुलिंबाचा पाला आणि मीठ.

परसबागी:
हे म्हणजे आमच्या कुरिअरवाल्याची गोष्ट! फोनवर सांगितलं लिंबाच्या झाडाला लागून फाटक आहे. तो पोरगा शेजारच्या गल्लीत कडुलिंबाखाली दहा मिनिटं उभा, मी इकडे लिंबाखाली. दोघंही बरोबर.

दर्यावर्दी:
पोरांची 'कच्चा लिंबू' राहिली. आणि लिंबूटिंबू. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही तो. छोट्या भावाला घ्यायचं तर असतं पण मोजायचं नसतं. कच्च्या लिंबातून रस निघत नाही हे ज्याने पिळून पाहिलंय त्याला हा शब्द लगेच कळतो.

बे_एरियातली:
एक खरी शंका. सरबत करून फ्रीजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशी कडू लागतं, कागदीचं नाही एवढं पण इथल्या मोठ्या लेमनचं फार. यालाही शब्द असेल तर द्या.

वऱ्हाडी_ठेचा:
शब्द माहीत नाही, कारण माहीत आहे. संत्र्या मोसंबीच्या रसातही होते हे. गरात आणि बियांत एक द्रव्य असते, पिळताना ते कडू नसते, रस आंबट असल्यामुळे हळूहळू त्याचं कडू द्रव्य होते, लिमोनिन म्हणतात. बी चेंगरली किंवा साल दाबून पिळली तर आणखीच. म्हणून माय म्हणते, निंबू पिळायचं असते, मुरगळायचं नसते.

शब्दखोर:
'मुरगळायचं नसतं' हे लिहून ठेवतोय. त्या चवीला आमच्याकडे 'कडवट मारतं' म्हणतात, म्हणजे कडू आहे असं नाही, मधूनच कडवटाचा एक झटका येतो. तुमच्या ईडलिंबाच्या शेवटाला हे चालेल का बघा ताई. आणि रंगपूरसाठी माझ्याकडून 'फसवं आंबट', शब्दकोशात नाही, आत्ताच केला.

दर्यावर्दी:
पानाचंही एक बघा, ताटात मांडताना उपयोगी पडेल. पान चुरगळून हुंगायचं. शिवाय देठ बघायचा. महाळुंगाच्या देठाला काही नसतं, साधा देठ. कागदीच्या देठाला बारीक पंखासारखी कड असते. पपनसाला तर एवढी मोठी की पानाला दुसरं पान चिकटल्यासारखं. ईडलिंबाबद्दल गावोगावी वेगवेगळं झाड दाखवतात त्यामुळे तुमचं नक्की कोणतं ते फोटोशिवाय नाही सांगत, समोरच्यांशी भांडण आत्ताच नका करू.

परसबागी:
झालं, आज पुन्हा चाखलं सगळं. कागदी: चुणचुणतं, एकमत. ईडलिंबू: सासूबाईंना 'कडवट मारतं' लगेच पटलं, मग त्यांना आठवलं की त्यांच्या माहेरी या चवीला 'मागाहून बोलतं' म्हणायचे. मागाहून बोलतं! काल का नाही सुचलं म्हटलं तर म्हणाल्या, तू आंबट किती ते विचारलंस, कसं ते कुठे विचारलंस.

रंगपूरचं सरबत केलं, थोडं सैंधव घालून. रंग इतका सुंदर आला की नवऱ्याने दोन ग्लास घेतले, तिसऱ्याला दात आंबले म्हणून संध्याकाळी चपातीसुद्धा चावेना. खुंट काढून टाकायचा विचार होता तो आता बारगळलाय. गाठीवरचं ते वाळकं खुटुक तेवढं काढलं, आणि पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलंय म्हणून पुसायला गेले तर ते हललं. लिंबाच्या फुलपाखराची अळी निघाली, चार आहेत, मुलाने बरणीत एक ठेवलीय. तिला खायला कोणत्या झाडाची पानं टाकू? आत्ता रंगपूरचीच टाकलीत, खातेय.

वऱ्हाडी_ठेचा:
टाका कोणतीही, तिले आंबटातला फरक नाही कळत. बाकीच्या तीन मात्र वेचून दूर नेऊन सोडा, एवढ्याशा झाडाचा आठवड्यात खराटा करते ती.