मदत हवी आहे: फ्रेशर घेताना अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची चाळणी ठेवावी का?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची १८ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. जूनमध्ये चार फ्रेशर घ्यायचेत आणि पहिली चाळणी अजून अ‍ॅप्टिट्यूडचीच: नळ-टाकी, आकड्यांच्या मालिका, आकृत्या. ३० प्रश्न, ३० मिनिटं.

गेल्या वर्षी एका मुलीला ११ मार्क मिळाले. नियमाने बाद, पण नजरचुकीने तिचं नाव पुढच्या यादीत राहिलं. तिला आमचाच एक बिघडलेला कोड दिला. कीबोर्डला हात लावण्याआधी तिने एरर मेसेज शेवटपर्यंत वाचला, वहीत व्हेरिएबलच्या किमती ओळीने मांडल्या आणि लूप एक फेरी जास्त फिरतोय हे दाखवून दिलं. २७ मार्कांचा मुलगा तिथेच अडकला होता. आजवर असे किती जण आम्ही दारातूनच परत पाठवले असतील, हे मनातून जात नाही.

थोडं वाचलं. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या आढाव्यात बुद्धिमत्ता चाचणी आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.५१ होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरहिशेब केला, तो ०.३१ वर आला. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा ०.४२. अर्थात हे सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांचे आकडे, निव्वळ प्रोग्रॅमिंगचे नव्हेत. चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्या एकटीच्या जोरावर कुणाला बाद करणं मला पटत नाही.

अडचण अशी की अर्ज ३०० येतात आणि तपासणारे आम्ही दोघेच. कुणी अ‍ॅप्टिट्यूडऐवजी कोड वाचायला देऊन पाहिलंय का? किती ओळींचा, किती वेळाचा? कॉपी कशी रोखता?