कोल्हापूर की सांगली-मिरज : घर कुठं घ्यावं?
(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

शंभरफुटी
कोल्हापूरकरांना राग येईल, येऊ दे. मिरवायला कोल्हापूर, राहायला सांगली-मिरज, हे माझं मत. मधलं अंतर रस्त्यानं जेमतेम पन्नास किलोमीटर, एसटीनं सव्वा-दीड तास. पण रोजच्या जगण्यात फरक पडतो. मिरज जंक्शन आहे. पुणे, बेळगाव, पंढरपूर-कुर्डुवाडी आणि कोल्हापूर, चारी बाजूंना गाडी मिळते. दिल्लीला जाणारी गोवा एक्स्प्रेस पकडायची तर कोल्हापूरकराला आधी मिरजेलाच यावं लागतं. तुमच्याकडं रूळ संपतात आणि वैभववाडीची लाइन अजून कागदावरच आहे. घरात म्हातारी माणसं असतील तर मिरजेसारखं ठिकाण नाही. १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, १९६२ ला मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्याभोवती डॉक्टर, लॅब, औषधांची दुकानं अशी आख्खी पेठच वसली. सांगलीच्या विश्रामबागेत दारात गाडी लागते आणि रात्री दहाला झोपता येतं. कोल्हापुरात फुटबॉलचा सामना जिंकला तरी पेठेत हलगी वाजते.

गंगावेस
रात्री दहाला झोपायचं असेल तर सांगलीच बरी, त्यात काय वाद? पण झोपायच्या आधी पोटापाण्याचं काय? शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित, तिन्ही एमआयडीसी पुणे-बेंगळुरू हायवेलगत आहेत. फाउंड्री, मशीन शॉप, पॅटर्न, हीट ट्रीटमेंट सगळं वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात. कुपवाड-मिरजेची एमआयडीसी आहे, नाही असं नाही, पण माल पुण्याकडं काढायचा तर आधी हायवेवरचा पेठ नाका गाठा, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून इथं, तुमच्या बहुतेक कॉलेजांच्या पदव्याही इथूनच निघतात. विमानतळ इथंच, उजळाईवाडीला. हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळ्यांच्या तारखा आता कोल्हापुरात. आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडं पारा चाळिशी गाठतो तेव्हा इथं संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो.

राहिला स्वभाव. हे शहर भांडतं. रस्त्यांवर टोल लावला तर रस्त्यावर उतरून तो गुंडाळायला लावला. सांगलीत असतं तर निवेदन देऊन घरी गेले असते.

पाणीपातळी
स्वभावाचं नंतर बघू. २००५, २०१९, २०२१ ही महापुराची तीन वर्षं वगळून या दोन शहरांतल्या घराबद्दल बोलताच येत नाही.

दोन्हीकडचा पूर वेगळा आहे. पंचगंगेचं पाणी राधानगरी, गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या डोंगरातून येतं. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी जवळच्याच, त्यामुळं तिकडं दोन दिवस झोडपलं की इकडं लगेच चढतं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, प्रत्येकी १४२८ क्युसेक. कोल्हापुरात पाणी बरेचदा नदीच्या तोंडानं नाही, नाल्यातून मागं येतं. जयंती नाला तुंबला की नदीपासून लांब वाटणाऱ्या शाहूपुरीतल्या गल्ल्याही जातात. म्हणून 'नदी किती लांब' हा प्रश्नच चुकीचा. नाला किती लांब ते विचारा.

सांगलीचा पूर सांगून येतो. कोयनेतून सोडलेल्या पाण्याला पोचायला दिवसापेक्षा जास्त लागतो, तेवढ्यात सामान वर नेता येतं. पण हरिपूरला, म्हणजे शहराच्या लगेच खाली, वारणा मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, शहरात चढतं आणि उतरायला दिवस घेतं.

आकडे ध्यानात ठेवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट, धोका ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा ४०, धोका ४५. २०१९ ला आयर्विनला ५७ च्या वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा ५५ च्या वर. सांगलीत जुनी माणसं गल्ली फुटांत सांगतात: चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं कर्नाळ रस्ता, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट. कोल्हापुरात पहिला नंबर सुतारवाड्याचा. घर बघायला गेलात की एजंटाला नाही, गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा: २०१९ ला कुठवर आलं आणि २०२१ ला कुठवर? दोन उत्तरं वेगळी आली तर भिंतीवरची खूण बघा.

फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे म्हणून सुटलो, असंही नाही. मीटरचा बोर्ड आणि लिफ्टचा खड्डा पार्किंगमध्ये असतो, तळटाकीत गटाराचं पाणी शिरतं. घर कोरडं राहतं आणि आठवडाभर वीज-पाणी नसतं. बोर्ड जिन्याच्या वरच्या टप्प्यावर हलवलाय का, तळटाकीचं झाकण किती उंच आहे, एवढं तरी बघून या.

शंभरफुटी
बरोबर. पण मग विश्रामबाग, मिरज, कुपवाड पुरात बहुतेक कोरडे राहिले हेही लिहा की. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. त्यात उपसा केंद्रंच बुडाल्यानं पुराच्या मधोमध प्यायला पाणी नाही.

मंगळवारपेठ
उपसा केंद्रांचं खरं आहे, पण ती जुनी गोष्ट झाली. २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन चालू आहे, पन्नासेक किलोमीटरवरून पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला येतं. पंप किंवा वीज बिघडली की दोन-चार दिवस बोंब होते, हे मान्य. पण कृष्णेत सांडपाणी सोडणाऱ्या शेरी नाल्याचं काय झालं, ते सांगलीकरांनी आधी सांगावं. (आमचा जयंती नाला काही गंगा नव्हे, तेही माहीत आहे.)

मला दोघांचंही एक पटत नाही. 'कोल्हापूर' म्हणून तुम्ही जे बोलताय ते महापालिकेचं कोल्हापूर, आणि तिथं नवीन घर परवडत कुणाला? १९७२ ला महापालिका झाली, पण हद्दवाढ नाही. नवे फ्लॅट पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडीत. पत्त्यावर कोल्हापूर, कारभार ग्रामपंचायतीचा, बांधकाम परवानगी २०१७ पासून नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची. घरफाळा कमी, पण कचरा, गटार, दिवे यांचं गाऱ्हाणं नेमकं कुणाकडं न्यायचं हे ठरत नाही. आणि पाचगाव-मोरेवाडीला उन्हाळ्यात टँकर. फ्लॅट बघायला मे महिन्यात जा, दिवाळीत नको. पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं ते वरच्या मजल्यावरच्या बायकांना विचारा, बिल्डर 'भरपूर' म्हणतो.

मुरूम
माती कुणीच बोललं नाही. सांगलीच्या सपाटीला खोल काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात. पाया मुरमापर्यंत नेला आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा काँक्रीटचा पट्टा) सगळीकडं फिरवला तर त्रास नाही. पण खर्च वाचवायला चार फुटांवर थांबणारे आहेत. जोत्यात काळी मातीच परत भरली तर फरशी उचलते, तिथं मुरूमच हवा, थराथरानं पाणी मारून धुमस केलेला. शिवाय या मातीत शोषखड्डा चालत नाही. शामरावनगरात पावसाळ्यात साठतं ते नदीचं कमी, न मुरणारं पाणी जास्त. कोल्हापुरात आर. के. नगर, कळंब्याकडं मुरूम आणि खडक वर आहे. पाया स्वस्त, पण बोअरला पाणी लागेल याची खात्री नाही.

आठवीगल्ली
भांडा तुम्ही. जयसिंगपूर बघा. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं आखून वसवलेलं गाव, सरळ काटकोनी गल्ल्या, नंबर सांगितला की घर सापडतं. सांगली दहा-बारा किलोमीटर, स्टेशन गावातच, आणि शिरोळ-कुरुंदवाड-नृसिंहवाडी बुडतात तेव्हा गाव वर राहतं.

गंगावेस
गाव वर राहतं, जायचं कुठं? अंकलीला पाणी आलं की सांगली तुटली, शिरोलीला आलं की कोल्हापूर. त्यात चोकाक ते अंकली रस्त्याच्या जमिनीच्या मोबदल्याचं घोंगडं कितीतरी वर्षं भिजत पडलं. रोज शिरोलीला कामाला जाणाऱ्यानं तिथं घर घ्यावं, असं मी तरी सांगणार नाही. मिरजेत दवाखाना असलेल्या डॉक्टरनं घ्यावं.

शंभरफुटी
आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचं काय? पाच-सात फुटी बोळ, चारचाकी लांब कुठंतरी, प्रॉपर्टी कार्डावर अकरा वारस. जुन्या शहराच्या ए, बी, सी, डी वॉर्डात पुनर्बांधणी करायची तर रस्त्याच्या रुंदीवरच मजले अडतात.

मंगळवारपेठ
म्हणूनच सगळे कळंब्याला निघालेत, साहेब. पण एक सांगा. पेठेत रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तालमीतली चार पोरं बोलावल्याशिवाय येतात. विश्रामबागेत वॉचमनला उठवावं लागतं.

मुरूम
सांगलीत प्लॉट घेणाऱ्यांसाठी तेवढं राहिलं. तिथं गुंठेवारी खूप. शेतजमिनीचे एक-दोन गुंठे पाडून विकलेले, लेआउट मंजूर नाही, रस्ता विकणाऱ्यानं चुना टाकून दाखवलेला. २००१ च्या कायद्यानं नियमित होतात, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामंही बसतात. पण 'प्रस्ताव दाखल आहे' आणि 'प्रमाणपत्र आहे' यात फरक आहे. प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्ज देत नाही. कोल्हापूरच्या बाजूला सातबारावर भोगवटादार वर्ग २ किंवा देवस्थान इनाम आहे का ते बघा; असेल तर परवानगीशिवाय खरेदी टिकत नाही.

दोन्हीकडं पूररेषेचा नकाशा मागा. नदीकडच्या निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही. निळी ते लाल (मोठ्या पुराची रेषा) यामध्ये चालतं, पण २०२० च्या नियमावलीप्रमाणं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं. बिल्डर 'भराव टाकून घेऊ' म्हणाला तर भरावाची परवानगी दाखव म्हणा.

पाणीपातळी
आणि तो भराव शेजाऱ्याच्या घरात पाणी ढकलणार, तेही धरा.