डेक्कन कॉलेज: १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा मोडली ते बरं झालं की वाईट?

मुळाकाठ:
डेक्कन कॉलेज म्हटलं की लोकांना टिळक-आगरकर आठवतात, त्याच्या आधीची तीस वर्षं कुणी काढतच नाही म्हणून हा धागा. ६ ऑक्टोबर १८२१ ला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज नावाची संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पैसा पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेतला, शिकवायला शास्त्रीमंडळी. न्याय (म्हणजे तर्कशास्त्र), व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष. मग १८५१ ला इंग्रजी शाळेला जोडून पूना कॉलेज केलं आणि शास्त्री मागे पडले. माझ्या मते तिथेच घात झाला. समोर बसून ग्रंथाच्या एकेका ओळीचा अर्थ लावायचा, शिष्याने शंका काढायची, गुरूंनी त्याच ओळीवर चार दिवस घालवायचे, ही रीत एकदा तुटली की नुसत्या पुस्तकातून परत येत नाही. पुण्यात तशी पाठशाळा सरकारी खर्चाने परत सुरू व्हायला हवी.

पर्वतीपायथा:
अजिबात पटलं नाही. दक्षिणा कुणाला मिळायची तेही लिहा ना. फक्त ब्राह्मणांना, आणि पाठशाळेतही सुरुवातीला तेच. १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठी पुस्तकांना द्या, तर पुण्यात केवढा गदारोळ झाला, जोतीराव फुले अर्जवाल्यांच्या पाठीशी उभे राहिले. रयतेच्या पैशावर चाललेली बंद खोली मोडली, त्याचं दुःख मला नाही.

मुळाकाठ:
ताई, दार उघडायलाच हवं होतं, त्यावर वादच नाही. पण दार उघडताना आतली विद्या बाहेर का काढली?

चिठ्ठीवाला:
तुम्ही दोघं १८५१ लाच अडकलात. १८६४ ला डेक्कन कॉलेज नाव पडलं, पुढे संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर तिथेच संस्कृत शिकवत होते, मग विद्या संपली कशी? खरा घाव १९३४ चा, सरकारने कॉलेजच बंद केलं, माजी विद्यार्थी कोर्टात भांडले म्हणून १९३९ ला संशोधन संस्था म्हणून उघडलं आणि भाषाशास्त्रज्ञ कात्रे, पुरातत्त्वज्ञ सांकळिया, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे तिथे आले. १९४८ पासून संस्कृत महाकोशाचं, म्हणजे मोठ्या शब्दकोशाचं काम चालू आहे, सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्या कपाटांत लावल्यात, एकेका चिठ्ठीवर शब्द, तो आलेलं वाक्य, ग्रंथाचं नाव. पहिला भाग १९७६ ला आला आणि इतक्या वर्षांनी गाडी अजून 'अ' वरच आहे. पैसा द्यायचाच तर इथे द्या, माणसं भरा.

मुळाकाठ:
हेच तर म्हणतोय मी! चिठ्ठीवरचं वाक्य कुठल्या अर्थाने आलंय हे ठरवायला न्यायाचा, व्याकरणाचा ग्रंथ लावता यावा लागतो. ती माणसं तयार कुठे होणार? एमएच्या दोन वर्षांत नाही होत.

पर्वतीपायथा:
हा मुद्दा मान्य, कोशाला तशी माणसं लागतातच. पण मग पाठशाळा कुठल्याही जातीच्या मुलामुलीला खुली, विद्यावेतनासकट, आणि शिकवणाऱ्यांची निवडही तशीच उघड, असं प्रस्तावात पहिल्याच ओळीत लिहा. ते नसेल तर माझा विरोध कायम.