सायकलची फ्रेम घरी जोडली, हेड ट्यूब ३ मिमी तिरकी आली. वाकवू की कापू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने बायकोसाठी सायकलची फ्रेम बनवतोय. तिची उंची चार फूट अकरा इंच. आम्ही धायरीला राहतो, रविवारी खडकवासला, जमलं तर पानशेत अशी चक्कर असते. आजवर घेतलेल्या दोन्ही सायकली तिला लांब पडल्या. हात ताणून बसावं लागतं आणि वीस किलोमीटरनंतर मान भरून येते. शिवाय लहान फ्रेमलाही मोठीच चाकं असल्यामुळे वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. गेल्या पावसाळ्यात ती अशीच फाट्यावर पडली. त्या रात्री मी पहिलं ड्रॉइंग काढलं.

७०० सी ही नेहमीची मोठी चाकं सोडून २६ इंची घेतली. वरची दांडी आडवी मोजून ५०० मिमी, सीट ट्यूब (सीटखालची नळी) ७४ अंश, हेड ट्यूब (चिमट्याची दांडी जिच्यात फिरते ती पुढची नळी) ७१ अंश, चिमट्याचा ऑफसेट (चाकाचा आस हेड ट्यूबच्या रेषेच्या किती पुढे) ४५ मिमी. टायरसकट चाकाची त्रिज्या ३१७ धरली की ट्रेल (चाक जमिनीला टेकतं ती जागा हेड ट्यूबच्या रेषेच्या किती मागे) ६२ मिमीच्या आसपास येतो. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो ती जागा) मध्यापासून पुढच्या आसापर्यंत ५६३. त्यातून चाकाची त्रिज्या आणि १६० चा क्रँक (पेडलचा दांडा) वजा केला की बुटाच्या टोकाला ८६ मिमी उरतात. हेच ७०० सी वर जेमतेम ६३ उरले असते. तिचा पाय पेडलवर ठेवून मोजलं, ८६ पुरतात.

सीट ट्यूब आणि दांडी ४१३० क्रोमोली पोलादाची, २८.६ व्यास, ०.९ भिंत. त्यामुळे आत २६.८ चा सीटपोस्ट बसतो. डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून बीबीपर्यंतची तिरकी नळी) ३१.८ ची. नळ्यांची तोंडं मशीनवर नाही, कागदाचा साचा गुंडाळून अर्धगोल कानशीने घासली. बोहरी आळीतून आणलेली एक चांगली कानस यात अक्षरशः गुळगुळीत झाली, पण सांध्यात कागदही सरकत नाही इतकी फट मिटली. बीबी शेल (बीबी बसते ती आडवी नळी) आधी बाहेर आटे पाडायला दिला होता. तिथे दोन्हीकडे उजवेच आटे पाडून मिळाले. चेनच्या बाजूला डावे आटे लागतात, नाहीतर पेडल मारता मारता बेअरिंगचा कप सुटत जातो. शेवटी तयार ६८ मिमीचा शेल आणला.

जोडकाम (ब्रेझिंग) ऑक्सिजन-एलपीजीवर, पितळी रॉडने, टाकणखाराचा फ्लक्स लावून. सरावाचे आठ सांधे केले आणि हॅक्सॉने उभे कापून आतपर्यंत पितळ पोचलंय का ते पाहिलं. शेवटचे तीन मनासारखे होते, मगच खऱ्या नळ्यांना हात लावला.

आता अडचण. पुढचा त्रिकोण पूर्ण झाला. जिगमधून (नळ्या जागेवर धरणाऱ्या सांगाड्यातून) काढून ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटवर, बीबीची डावी बाजू टेकूवर ठेवून मोजलं. हेड ट्यूब चेनच्या बाजूला ३ मिमी वर आहे. मी डाउन ट्यूबचा सांधा आधी टाके (ठिकठिकाणी पितळाचे छोटे थेंब) न मारता उजवीकडून सलग भरत नेला होता, तिथेच चुकलं असं वाटतं. आता थंड असतानाच वाकवावी, उलट बाजूने तापवून ओढून घ्यावी, की सांधा कापून पुन्हा करावा? मागचे स्टे (मागचं चाक धरणाऱ्या नळ्या) अजून जोडलेले नाहीत. ही सायकल घाटउतारावर जाणार आणि तिच्यावर माझं माणूस बसणार, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही.

प्रतिसाद (चिंचवडहून):
दादा, आधी काहीही वाकवू नका. तुम्ही फ्रेम मोजली की ग्रॅनाइट, हे अजून ठरलेलं नाही. ओट्याचा दगड म्हणजे सरफेस प्लेट (मोजमापासाठी अचूक सपाट केलेला दगड) नव्हे. फ्रेम उलटून बीबीची उजवी बाजू खाली ठेवा आणि पुन्हा मोजा. चूक फ्रेमची असेल तर ती उलटी येईल, म्हणजे हेड ट्यूब तेवढीच खाली दिसेल. दोन्ही वेळा वरच दिसली तर दोष दगडाचा किंवा टेकूचा. सीट ट्यूबचं वरचं टोकही मोजा. आणि हेड ट्यूबची दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा, आकडे वेगळे आले तर पीळ आहे. तो नुसत्या तिरकेपणापेक्षा अवघड.

धागाकर्ता:
काका, मोजलं. डावी बाजू खाली असताना ३ वर, उजवी खाली असताना १ खाली. हेड ट्यूबच्या दोन्ही टोकांना तेवढंच. सीट ट्यूब अर्ध्या मिमीत आहे.

प्रतिसाद (चिंचवडहून):
मग फ्रेमची खरी चूक २ मिमी, आणि १ मिमी तुमच्या मांडणीची. बीबी शेलची तोंडं आधी फेस (घासून सपाट) करून घ्या. ब्रेझिंगच्या उष्णतेने ती जराशी का होईना हलतात, आणि सगळी मोजमापं त्यांच्यावरच उभी आहेत. पीळ नाही हे फार बरं झालं. पोलाद आहे, २ मिमी थंड असतानाच निघेल. व्हाइसमध्ये शेल पकडा, नळ्या कधीही नाही. हेड ट्यूबमध्ये घट्ट बसणारा जाड बार घाला, त्याला कागद गुंडाळा आणि डावीकडे सावकाश दाबा. पहिले काही दाब स्प्रिंगसारखे परत येतील. घाई करून एकदम जोर लावू नका, दर दाबानंतर मोजा. सांधा कापू नका. दुसऱ्यांदा तापवलेल्या पातळ नळीवर माझा भरवसा नसतो. हे फक्त पोलादाला लागू, ॲल्युमिनियमला असं करायचं नाही.

दुसरा प्रतिसाद:
स्टे जोडताना हीच चूक टाळा. चारी बाजूंना टाके, मग समोरासमोरचे भाग आळीपाळीने. १३५ मिमीचा खोटा आस (चाकाऐवजी अंतर धरायला) लावूनच जोडा, आणि शेवटचे सांधे भरण्याआधी खरं चाक घालून पाहा. चाकसुद्धा उलटून घालायचं, नाहीतर चाकाची चूक फ्रेमच्या माथी येते. बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला हवेचं बारीक भोक ठेवा. आत कोंडलेली गरम हवा सांध्यातून फुटून पितळ उडवते. फ्लक्स गरम पाण्यात भिजवून काढा, कानशीने खरवडू नका. एक कळकळीचं: पितळ जास्त तापलं की जस्ताचा पांढरा धूर येतो, रात्री थंडी-ताप भरतो. बरेच जण त्यावर गूळ खातात. गुळाने धूर थांबत नाही. दार उघडं ठेवा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. शेल फेस करून आणला, तेवढ्यानेच दोन्ही बाजूंचे आकडे जुळले. काल दोन तास दाब-मोज, दाब-मोज केलं. सहाव्या-सातव्या दाबापर्यंत काहीच हललं नाही, मग हळूहळू यायला लागली. आता दोन्हीकडून अर्धा मिमी. बायकोने स्वतः फूटपट्टी धरली होती. खोटा आस लेथवर करायला दिलाय, तो आला की स्टेला सुरुवात. टाके मारल्यावर, सांधे भरण्याआधी, आकडे इथे टाकतो. तेव्हा एकदा नजर टाका.