शब्दचर्चा : 'ग्रेझिंग बोर्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

ठाणे
येत्या शनिवारी घरी चौदा माणसं येणार आहेत. सासूबाईंच्या दोन बहिणी, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आणि तीन लहान मुलं. माझी जाऊ मेलबर्नला असते. तिकडे ग्रेझिंग बोर्डाची फार चाल आहे. मोठ्या लाकडी फळीवर चीज, फळं, सुकामेवा, बिस्किटं, लोणची, मधाची वाटी असं सगळं दाटीने मांडतात आणि पाहुणे गप्पा मारता मारता हवं ते उचलतात. तसंच करायचं ठरवलंय. आमंत्रण मराठीत लिहायला घेतलं आणि 'चराऊ फळी' या शब्दांशी हात अडला. मावशींना असं लिहवेना. 'ग्रेझिंग बोर्ड' देवनागरीत लिहिलं तर त्यांना कळणार नाही. कुणाला चांगला शब्द सुचतोय का?

नागपूर
हात अडला ते बरोबरच झालं. संस्कृतातल्या 'चर्'चा मूळ अर्थ फिरणे. संचार, विचरणे, चराचर हे शब्द त्यातलेच. जनावर फिरता फिरता खातं म्हणून ते चरतं. तुमचे पाहुणेही त्या फळीभोवती फिरत खाणार, म्हणजे अर्थ अगदी नेमका बसतो. पण बोलीत माणसाला 'चरतो' म्हटलं की त्यात तक्रार असते. 'दिवसभर चरत असतो आणि जेवायच्या वेळी भूक नाही म्हणतो,' असं आई मुलाला म्हणते. 'चारणे'चंही तसंच आहे. लेकराला आपण घास भरवतो, गुरांना चारा घालतो आणि कुणाला 'पैसे चारले' म्हटलं की ती लाच होते. इंग्रजीत 'ग्रेझ' म्हणजे थोडं थोडं खाणं हे आता कुणाला खटकत नाही, मराठीत खटकतं. शब्दाला शब्द ठेवून इथे भागायचं नाही.

पुणे
आधी दोन इंग्रजी नावांमधला घोळ दूर करायला हवा, कारण हल्ली इथल्या हॉटेलांच्या मेन्यूवरही तो दिसतो. चीज आणि फळं मांडलेल्या शाकाहारी फळीलाही 'शार्क्युत्री बोर्ड' म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच. 'शेर' म्हणजे मांस आणि 'क्वी' म्हणजे शिजवलेलं. डुकराच्या मांसाचे खारवलेले, धुरावलेले, शिजवलेले प्रकार बनवणारा तो शार्क्युत्ये आणि त्याचा धंदा किंवा दुकान म्हणजे शार्क्युत्री. शाकाहारी मावशीपुढे द्राक्षं ठेवून त्याला हे नाव देणं चूक आहे. ठाण्याच्या ताईंनी 'ग्रेझिंग' म्हटलं ते योग्य.

इतर भाषांनी अशा खाण्याला काय म्हटलंय ते पाहण्यासारखं आहे. इटालियन 'अँटिपास्तो' म्हणजे जेवणाआधीचं. स्पॅनिश 'तापा'चा मूळ अर्थ झाकण. स्वीडिश 'स्मोर्गॉसबोर्ड'मध्ये 'स्मोर्गॉस' म्हणजे लोणी लावलेला पाव आणि 'बोर्ड' म्हणजे टेबल. पण मला सगळ्यात आवडतो तो तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉनमधला 'मेझे'. लहान लहान ताटल्यांमध्ये वांग्याचं भरीत, दही, ऑलिव्ह, चीज असं पुष्कळ काही टेबलावर येतं आणि लोक तास तासभर बसतात. तुर्कीत हा शब्द फारसीतून आला. फारसी 'मझे' म्हणजे चव. तोच फारसी शब्द हिंदुस्थानात आला आणि आपल्याकडे त्याची 'मजा' झाली! तिकडे चवीचा पदार्थ झाला, इकडे चवीचा आनंद झाला. आपण 'मजा आली' म्हणतो तेव्हा मुळात 'चव आली' असंच म्हणत असतो. हे कळल्यापासून मला मेझे परका वाटत नाही.

ठाणे
मजेचं हे कूळ माहीत नव्हतं, वाचून फार आनंद झाला. मग बारमधल्या 'चखण्या'चा विचार करता येईल का? चाखणेशी त्याचं नातं आहे, म्हणजे तोही चवीचाच शब्द.

पुणे
नातं आहे, पण त्या शब्दाला ग्लासाचा वास लागलाय. मावशी दारातूनच परत जातील.

सोलापूर
सगळे 'बोर्ड'ला शब्द शोधताय म्हणून लिहितो. आपल्याकडे असं खाणं आहे, फक्त त्याचं नाव भांड्यावरून पडलेलं नाही. हुरडा आठवा. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजतात, हातावर गरम गरम चोळतात, भोवती लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, उसाची कांडकी. माणसं गोल बसतात, ज्याला जे हवं ते घेतात, दोन-अडीच तास सहज जातात. जेवण म्हणावं तर जेवण नाही, पण उठताना पोट भरलेलं असतं. तुमच्या जाऊबाई मेलबर्नला जे करतात ते आमच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आणि आमंत्रण कसं देतो? 'हुरड्याला या.' बस. फराळाला या, चहाला या, पानसुपारीला या, ही सगळी एकाच वळणाची. पदार्थाच्या नावाला 'ला' लावला की त्याचा प्रसंग होतो. आगटीला नाव आहे, पण 'आगटीला या' असं कुणी म्हणत नाही. मराठीत माणसाला अन्नाकडे बोलावतात, भांड्याकडे नाही.

नागपूर
उदाहरण फार सुंदर, पण शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य नाही. 'पान' घ्या. पान म्हणजे केळीचं किंवा पत्रावळीचं पान, त्यावर जेवण वाढायचं. पण 'पानं घ्या', 'किती पानं होतील?', 'तो पानावर बसलाय' या सगळ्यांत पान म्हणजे जेवणच, किंवा जेवणारं माणूस. स्टीलच्या ताटात वाढलं तरी आजी 'पानं वाढली' म्हणते. 'शंभर ताटं झाली' हेही तसंच. आणि इंग्रजीत बोर्डाचं हेच झालंय. आधी फळी, मग जेवायचं टेबल, मग जेवणच. 'बोर्डिंग अँड लॉजिंग'मधलं बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय. बोर्ड आणि पान एकाच वाटेने गेलेले शब्द आहेत. त्यामुळे भांड्यावरूनही नाव देता येईल, फक्त भांडं आपलं हवं.

सोलापूर
पानाचं विसरलो होतो, मान्य. पण 'पानाला या' असं आमंत्रण तरीही ऐकलेलं नाही.

ठाणे
भांडं आपलं हवं म्हणता, तर 'पाट' कसा वाटतो? लाकडाचा आहे, घरात आहे. माझ्याकडे आजेसासूबाईंचा शिसवी पाट आहे, त्यावरच मांडीन म्हणत होते.

कोल्हापूर
पाटावर नको, ताई. पाट बसायचा. आपण पाटावर बसतो आणि ताट समोर चौरंगावर किंवा जमिनीवर असतं. 'पाटपाणी झालं' म्हणजे बसायचे पाट मांडले आणि पाण्याचे तांबे ठेवले, आता वाढायचं. ज्यावर माणूस बसतो त्यावर अन्न मांडलेलं जुन्या माणसांना बरं वाटणार नाही. शिवाय 'पाट लावणे'चा जुना अर्थ विधवेचा पुनर्विवाह असा होता. तो आज कुणाच्या मनात येणार नाही, पण शब्द निवडताना माहीत असावा. चौरंग म्हणाल तर तो पूजेचा झाला.

मी 'तबक' सुचवेन. अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला की हळदीकुंकू, ओवाळणी, विडे, अत्तरदाणी सगळं तबकात. पसरट, उथळ, मांडून ठेवण्याचं आणि पाहुण्यांसमोर धरण्याचं. तबकात अन्न रचत नाहीत, मांडतात. तुमच्या बोर्डातही मांडणीलाच महत्त्व आहे. त्याचं धाकटं रूप 'तबकडी', तिलाच पुढे ग्रामोफोनची तबकडी आणि उडती तबकडी असे अर्थ आले.

पणजी
तबकाला माझं मत. दोन गोष्टी पदार्थांबद्दल. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणी मांसाहारी असेल आणि गोव्याचं चौरिस मांडायचा विचार असेल, तर ते युरोपी सलामीसारखं कापून थेट ठेवू नका. डुकराचं मांस व्हिनेगर, मिरची, लसूण लावून वाळवलेलं असतं, पण ते कच्चं असतं. कांद्याबरोबर शिजवून, छोट्या पावात भरून वेगळ्या ताटलीत ठेवा. दुसरं, त्या तबकातले काजू, अननस, पेरू आणि पाव हे चारही शब्द पोर्तुगिजांबरोबर आलेत.

तासगाव
आणि बदाम, पिस्ता, अंजीर, जर्दाळू फारसीतले! जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, आलू म्हणजे तिकडचं प्लमसारखं फळ. आमच्या भागाचा जिव्हाळ्याचा शब्द मात्र 'बेदाणा'. 'बे-दाना', म्हणजे ज्यात दाणा नाही, बी नाही असा. बाजारात बेदाणा आणि मनुका हे वेगळे माल आहेत. बेदाणा बिनबियांच्या द्राक्षांचा, हिरवट किंवा पिवळसर. मनुका मोठी, काळसर, बहुतेक वेळा बियांची. घरोघरी दोन्हींना मनुकाच म्हणतात, ते ऐकलं की वाईट वाटतं, कारण 'बेदाणा' म्हटलं की बी नाही हे शब्दच सांगतो. तबकात लहान मुलांसाठी बेदाणे ठेवा, मनुका मोठ्यांना.

पुणे
तबक मलाही पटलं. एक गोष्ट उरते, क्रियापद. मराठी पाहुणचार 'वाढणे'भोवती फिरतो. यजमान वाढतो, आग्रह करतो, पाहुणा 'पुरे' म्हणतो, तरी एक पोळी पडतेच. तबकाभोवती कुणी वाढत नाही. आमच्या घरची जुनी माणसं अशा टेबलापाशी पाऊण तास नुसती उभी होती, कारण कुणी 'घ्या' म्हटलं नव्हतं. त्यांना भूक होती, पण वाढल्याशिवाय घ्यायचं कसं, हा संकोच होता. मला त्या दिवसाची अजून रुखरुख आहे. म्हणून नावापेक्षा 'हाताने घ्या' हे दोन शब्द आमंत्रणात लिहा आणि आल्यावर तोंडानेही म्हणा. मावशींना पहिली वाटी तुम्हीच भरून द्या.

आणि उष्ट्याचं भान ठेवा. चटणी, मध, दह्याच्या वाट्यांत प्रत्येकी वेगळा चमचा, चीजला चिमटा, प्रत्येकाच्या हातात छोटी ताटली. चीज, कापलेली फळं, दही दोन तासांच्या वर बाहेर नको. उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच आत.

ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. पाट भिंतीशी बसायलाच ठेवते. तबक पितळेचं आहे, परवाच चिंचेने घासलं. चीजबरोबर खाकरा, कडबोळी, ज्वारीच्या भाकरीचे कडक तुकडे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, पेरूच्या फोडी, गूळ आणि हो, बेदाणे. पितळेला आंबट लागायला नको म्हणून खाली केळीचं पान घालते आणि लोणचं, दही काचेच्या वाट्यांत ठेवते. आमंत्रण असं लिहिलंय :

'शनिवारी संध्याकाळी सहाला गप्पांना या. मधे तबक मांडलेलं असेल, आवडेल ते हाताने घ्यायचं. साडेआठला मुगाची खिचडी आहे, जेवूनच जायचं.'

सोलापूर
'गप्पांना या' फार छान. खिचडी मात्र तुम्हीच वाढा.

कोल्हापूर
आणि पापड भाजा, तळू नका. ठेच्यानंतर तळलेलं जड होईल.